हे कोण म्हणतंय? : पवित्र शास्त्राच्या नित्यवाचनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी संध्याकाळची जेवणे आटोपली की ती भिंतीला टेकून बसे, डोक्यावरचा पदर सारखा करी आणि मला म्हणे, "काढ रं शास्त्र." आमची प्रत जाड, काळ्या पुठ्ठ्याची होती. पानांच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या पडल्या होत्या, कारण चुलीवरून उठून कुणीतरी घाईने ती हाताळलेली असे. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. शाळेत न अडखळता वाचून दाखवण्यात माझा पहिला नंबर असे, त्यामुळे भराभर वाचणे म्हणजेच चांगले वाचणे अशी माझी समजूत होती. आजीला वेगाचे काही नव्हते. मध्येच हात वर करून ती म्हणे, "परत वाच." मी परत वाची. कधी कधी एकच वाक्य तीनतीनदा.

एका संध्याकाळी ईयोबाचा पाचवा अध्याय आला. जखम करणारा देवच ती बांधतो, त्याच्या शिक्षेला कंटाळू नये, तो दुष्काळातून आणि लढाईतून सोडवील, अशा अर्थाचे ते भारदस्त बोलणे. मला ते फार आवडले. मी आवाज चढवून वाचले. आजीचा हात वर गेला.

"थांब. हे कोन म्हनतंय?"

मी पानावर पाहिले. बोट मागे नेत नेत चौथ्या अध्यायाच्या तोंडाशी गेलो. "अलीफज तेमानी."

"त्यो कोन?"

"ईयोबाचा मित्र. भेटायला आलाय."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लेकरं गेलेल्या मानसाला असं बोलत्यात व्हय?"

त्या पुस्तकाच्या बेचाळिसाव्या आणि शेवटच्या अध्यायात देव स्वतः अलीफजाला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. तिथे पोचायला आम्हाला आणखी महिनाभर लागला. आजीने ते पाचव्या अध्यायातच ओळखले होते. पुढे सेमिनरीत शास्त्रार्थाच्या पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी फळ्यावर जो पहिला प्रश्न लिहिला, तो हाच होता: कोण बोलतो आहे आणि कोणाशी? मी वहीत तो उतरवून घेतला तेव्हा मला आमची ओसरी आठवली.

या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात याच अलीफजाचे एक वाक्य शास्त्रवचन म्हणून, मान्यतेने घेतले आहे. म्हणजे अलीफजाचे बोलणे टाकाऊ नव्हते. खरी गोष्ट चुकीच्या माणसासमोर, चुकीच्या वेळी बोलली गेली होती. राखेत बसलेल्या माणसापुढे ती दगडासारखी पडली. एकच वाक्य एका ठिकाणी औषध आणि दुसऱ्या ठिकाणी घाव कसे होते, हे ज्याला रोजच्या वाचनात दिसू लागले, त्याचे वाचन जिवंत झाले असे मी समजतो. मग त्याने त्या दिवशी दोनच ओळी वाचलेल्या असोत.

नित्यवाचन हा आपल्याकडे घरगुती मामला. सकाळी कामाला लागण्याआधी किंवा रात्री अंथरुणावर पडण्याआधी एक अध्याय वाचायचा, डोळे मिटून प्रार्थना करायची, दिवस सुरू करायचा किंवा संपवायचा. यात अभ्यास करण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारील. पण नेम म्हटला की त्याला इतिहास आला. हा ग्रंथ कोणी, कोणासाठी, मोठ्याने वाचला की मनात, एकट्याने की दहा जणांत, रोज किती आणि कोणत्या क्रमाने, कोणत्या भाषेत, आणि वाचून झाल्यावर काय केले, हे सगळे प्रश्न गेली दोनअडीच हजार वर्षे माणसांनी जगून सोडवले आहेत. हिब्रू आणि ग्रीकचे जाणकार, मंडळीच्या इतिहासाचे अभ्यासक, भाषांतरकार, छपाईचा इतिहास लिहिणारे आणि खेड्यातल्या घरोघरी जाऊन उपासना घेणारे पाळक, या सगळ्यांची वाट इथे एकत्र येते. या क्षेत्रात पाऊल टाकायला प्राचीन भाषा यायलाच हव्यात अशी अट नाही. आजीचा प्रश्न सोबत असला की पुरे. बाकीचे वाटेत मिळत जाते.

सुरुवात एका शब्दापासून करू. स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात धन्य माणसाचे वर्णन आहे. तो परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो, असे आपण वाचतो. 'मनन' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर डोळे मिटून, निःशब्द बसलेली मूर्ती उभी राहते. मुळातला हिब्रू शब्द 'हागा' मात्र आवाजाचा शब्द आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात शिकारीवर उभा असलेला सिंह जे गुरगुरतो, त्याला हाच शब्द आहे. त्याच पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात आजारातून उठलेला हिज्कीया राजा आपण पारव्यासारखे कण्हत होतो असे सांगतो, तिथेही हाच. म्हणजे त्या धन्य माणसाचे ओठ हलत आहेत. तो पुटपुटतो आहे. जात्यावर बसलेली बाई ओवी घोळवते तसे ते वचन त्याच्या तोंडात घोळते आहे. दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्याच वाक्यात लोक व्यर्थ कट रचतात असे आपण वाचतो, तिथेही क्रियापद तेच आहे. दोन स्तोत्रे शेजारीशेजारी: एकीकडे एक माणूस देवाचे बोलणे पुटपुटतो आहे, दुसरीकडे राजे-महाराजे आपलेच बोलणे पुटपुटत आहेत. दिवसभर आपल्या तोंडात काय घोळते, हा प्रश्न संहितेच्या दारातच विचारलेला आहे. भाषांतरात तो दिसत नाही. अभ्यासाचा उपयोग असा असतो.

प्राचीन काळी वाचन बहुतेक मोठ्यानेच होई. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूश देशाचा राजदरबारी गृहस्थ रथात बसून यशया वाचत चालला आहे आणि फिलिप्प धावत जाऊन ते ऐकतो. ऐकू आले म्हणूनच त्याला विचारता आले की वाचता ते समजते का. आणि त्या गृहस्थाचा उलटा प्रश्न काय होता? संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? आजीच्या प्रश्नाचा हा सख्खा भाऊ. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज ओठ न हलवता, नुसत्या डोळ्यांनी वाचतो हे पाहून तरुण ऑगस्टीनला इतके नवल वाटले की त्याने ते आपल्या आत्मकथनात नोंदवून ठेवले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टाने मठासाठी नियम लिहिले. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी ज्याला वाचायचे असेल त्याने इतरांना त्रास होणार नाही असे वाचावे, अशी सूचना त्यांत आहे. वाचन निःशब्द असते तर ही सूचना करावीच लागली नसती.

या मठांतूनच वाचनाची जी पद्धत घडली तिला लॅटिनमध्ये 'लेक्तिओ दिविना', म्हणजे दिव्य वाचन, असे नाव पडले. बाराव्या शतकात गीगो नावाच्या कार्थुसियन मठाधिपतीने आपल्या एका बंधूला पत्र लिहून तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन. त्याने दिलेला दृष्टान्त जेवणाचा आहे. वाचन घास तोंडात ठेवते, मनन तो चावते, प्रार्थनेला त्याची चव लागते, आणि दर्शन म्हणजे तो गोडवाच. मला यातली दुसरी पायरी सर्वांत मोलाची वाटते, आणि आजच्या वाचनातून नेमकी तीच निसटलेली आहे. आपण घास तोंडात ठेवतो आणि लगेच गिळतो. गाय चरून आल्यावर गोठ्यात निवांत बसून रवंथ करते. चरण्याइतकाच वेळ तिला त्यासाठी लागतो. सकाळी सातला वाचलेले वचन सकाळी अकराला, बसच्या रांगेत उभे असताना पुन्हा तोंडात यायला हवे. तसे व्हायचे तर ते लहान असायला हवे आणि एकदा तरी आपल्या कानांनी ऐकलेले असायला हवे.

हा नेम सुरुवातीपासून चारचौघांत पाळला गेला आहे. यहुदी सभास्थानांत तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, वर्षभरात ५४ भागांत वाचली जातात. ज्या दिवशी शेवटचा भाग संपतो त्याच दिवशी उत्पत्तीच्या पहिल्या ओळी पुन्हा सुरू होतात. संपवून कपाटात ठेवण्याची सोयच नाही. कोकणातून पुढे मुंबई-पुण्यात पसरलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजासाठी वल्हांडण सणाची विधिपोथी, हग्गादा, १८७४ मध्ये पुण्यात हिब्रूसोबत मराठी भाषांतरासह छापली गेली. त्या विधीत घरातले सर्वांत लहान मूल विचारते की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि त्या प्रश्नापासून मिसर देशातून सुटकेची सगळी कथा उलगडत जाते. मुलाने विचारले नाही तर कथा सुरूच होत नाही. शास्त्र वाचण्याची ही रीत मला फार थोर वाटते.

आपण आज ज्याला नित्यवाचन म्हणतो, म्हणजे प्रत्येकाच्या हातात स्वतःची प्रत आणि रोजचा नेमून दिलेला अध्याय, ते त्या मानाने अलीकडचे आहे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटनच्या नावाशी जोडलेली आहे. नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे पॅरिसचा मुद्रक रोबेर एत्येन याने १५५१ च्या आवृत्तीत घातले. लिहिणाऱ्यांनी यांतले काहीच केलेले नव्हते. त्यामुळे 'रोज एक अध्याय' हा नेम करणाऱ्याची कधी कधी फसगत होते. उत्पत्तीतली सहा दिवसांची निर्मिती पहिल्या अध्यायात संपते आणि सातव्या दिवसाचा विसावा दुसऱ्या अध्यायात जाऊन पडतो. फक्त पहिला अध्याय वाचून पुस्तक मिटणाऱ्याला काम दिसते, विसावा दिसत नाही. यशयातले दुःख सोसणाऱ्या सेवकाचे प्रसिद्ध गीत त्रेपन्नाव्या अध्यायात आहे असे आपण म्हणतो; ते सुरू होते बावन्नाव्याच्या शेवटच्या तीन वचनांत. तेव्हा आकड्यांपाशी थांबण्याचे बंधन पाळू नये. बोलणे जिथे थांबते तिथे थांबावे.

प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले की वर्षात संपते. या हिशेबावर अनेक वेळापत्रके निघाली. त्यांत स्कॉटलंडमधल्या डंडीचा तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन याने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलेले वेळापत्रक आजही जगभर वापरात आहे: वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. पुढच्याच वर्षी तो एकोणतिसाव्या वर्षी वारला. वेळापत्रक देताना त्याने त्यातले धोकेही स्वतःच लिहून दिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वाचन नुसता उपचार होईल. आजचा भाग वाचला म्हणून माणूस स्वतःवर खूश होईल. घाईघाईने उरकले जाईल. आणि काहींच्या मानेवर ते न पेलणारे जोखड होईल. आपल्या मंडळ्यांत जानेवारीत वेळापत्रके वाटली जातात आणि फेब्रुवारीत लेवीय पुस्तकाच्या यज्ञविधींपाशी वाचक गळू लागतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. वेळापत्रकाचा तो दोष नाही. मॅक्शेनचे ते चार इशारे वेळापत्रकासोबत छापायचे राहून गेले, एवढेच.

दुसरी रीत रोजच्या एका वचनाची. तिला हलके लेखू नये. १७२८ मध्ये जर्मनीतल्या हर्नहूट गावी मोरेव्हियन बंधूंच्या संध्याकाळच्या उपासनेत काउंट झिंझेनडॉर्फ यांनी दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले आणि तिथून प्रघात पडला. १७३१ पासून वर्षाची वचने पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली आणि अनेक भाषांत आजही निघतात. पण हर्नहूटला ते वचन घेऊन माणसे घरोघरी जात, दाराशी उभी राहून बोलत, त्या घराची खुशाली विचारत. वचन चालत येई आणि सोबत माणूस येई. आपल्याकडे एकतीस डिसेंबरच्या रात्री टोपलीतून वर्षाचे वचन काढतात, भिंतीवर वचनांचे कॅलेंडर असते, आणि आता पहाटेपासून मोबाइलवर फुलांच्या चित्रासह वचने येऊ लागतात. त्यांतले अतिशय आवडते वचन यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले आहे: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, भविष्य आणि आशा देणारे, असा त्याचा आशय. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर, मुलाच्या परीक्षेच्या सकाळी, दुकानाच्या उद्घाटनाला मी ते पाहिले आहे.

आता आजीचा प्रश्न विचारू. हे कोण म्हणतंय, कोणाला? यरुशलेमेतून यिर्मयाने बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रात हे वाक्य आहे. आणि लगेच आधीचे वचन सांगते की सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांची हाडे परमुलखातच पडणार होती. पत्राच्या सुरुवातीला त्यांना सांगितले आहे की घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे कळल्यावर वचनाचे तेज कमी होते का? मला तर उलट वाटते. ज्या बाईचा मुलगा वर्षानुवर्षे घरी परतलेला नाही, तिला पत्रिकेवरचे वचन खोटे वाटू शकते. सत्तर वर्षांचे वचन तिला आधार देऊ शकते. रोज एक वचन घेणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की ते ज्या परिच्छेदातून उचलले त्याच्या मागची-पुढची दहा वचने त्याच दिवशी वाचावीत. स्तोत्र ९१ मधले वचन, देवदूत तुला हातांवर झेलतील हे, मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूपुढे कोण म्हणून दाखवतो? सैतान. वचन तोंडपाठ असणे आणि वचन ऐकणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या प्रसंगातून कळते.

मराठी वाचकाला या क्षेत्रात परके वाटण्याचे कारण नाही. आपण इथे ऐकणाऱ्यांचे वारस म्हणून येतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. बायबल स्वतःच्या भाषेत हाती येण्याला अजून दोन शतके अवकाश होता, आणि या इंग्रज जेझुइटाने शास्त्रातली कथा मराठी ओवीत, पुराण ऐकायला सरावलेल्या कानांसाठी रचली. तिचे वाचन मंडळीपुढे होत असे. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी भाषांतर हाती घेतले आणि १८११ मध्ये नवा करार निघाला. १८२६ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार आला. १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथे त्यांचे मन अडकले. मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय, वचने सगळी मिळून १११. बाप्तिस्मा झाला १८९५ च्या फेब्रुवारीत. मधली दोन वर्षे त्या वाचनाचे रवंथ चालले होते असे म्हटले तर चूक होणार नाही.

पण मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर त्यांचे सगळे बालपण तीर्थक्षेत्रे हिंडण्यात गेले. देवळाच्या आवारात, घाटावर बसून पुराण वाचायचे आणि ऐकणारे जे ठेवतील त्यावर कुटुंबाने जगायचे. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. म्हणजे ग्रंथ मोठ्याने वाचणे हा त्यांच्या घरचा व्यवसायच होता, आणि कळो न कळो, ऐकल्याचे पुण्य पदरी पडते या समजुतीवर तो चाले, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा त्यांच्याभोवती होत्या, आणि त्यांच्या हाती द्यायला असलेले मराठी बायबल त्यांना अवघड, संस्कृतने जड झालेले वाटले. मग या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि साध्या बाईला ऐकून समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर करायला घेतले. आयुष्याची शेवटची वर्षे त्यात गेली. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवले आणि छपाई केली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. ज्या बाईने लहानपणी न कळणाऱ्या श्रोत्यांसाठी पुराण वाचले, तिने उतारवयात कळणाऱ्या श्रोत्यांसाठी शास्त्र मराठीत आणले. माझ्या निरक्षर आजीचा हात वर जाऊ शकला, यामागे असे कितीतरी हात आहेत.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे येऊ. मार्काच्या चौथ्या अध्यायाचा शेवट घ्या: ३५ ते ४१, सातच वचने. संध्याकाळ, सरोवर, वादळ, नाव पाण्याने भरू लागलेली, येशू झोपलेला, शिष्य घाबरलेले, वारा शांत. कथा माहीत आहे, म्हणून डोळे सरसर पुढे जातात. मोठ्याने वाचा. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचा. तिसऱ्या दिवशी लक्षात येईल की तो नावेच्या मागच्या बाजूला, उशीवर डोके ठेवून झोपला आहे. ही उशी मत्तयात नाही, लूकातही नाही. ती फक्त मार्काने ठेवली. दिवसभर गर्दीपुढे बोलून दमलेल्या माणसाला कोणीतरी ती दिली असेल, किंवा नावेत असलेली त्याने ओढून घेतली असेल. चौथ्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसेल: त्याच्याबरोबर दुसऱ्याही नावा होत्या. हेही एकट्या मार्कातच आहे. त्या नावांचे पुढे काय झाले ते कुणी सांगत नाही. वादळ त्यांच्यावरही आले असणार आणि निवांतपणा त्यांनाही मिळाला असणार, येशू कोणत्या नावेत आहे हे ठाऊक नसतानाही. पाचव्या दिवशी आजीचा प्रश्न विचारा. आम्ही बुडतो आहोत याची तुम्हाला काळजी नाही काय, हे कोण म्हणतंय? ज्यांचा जन्म त्याच पाण्यावर गेला, असे कोळी त्या नावेत होते. मग आपल्यालाही प्रार्थनेत तसे म्हणायला हरकत नाही, हे कळायला पाचवा दिवस लागतो. सात वचनांना सात दिवस दिले तर ती आयुष्यभर सोबत राहतात.

नवख्याने म्हणून मार्कापासून सुरुवात करावी, असे मी सांगतो. सोळा अध्याय आहेत. एका बैठकीत मोठ्याने वाचले तर दीड-दोन तास लागतात, आणि एकदा तसे वाचावेच, म्हणजे पूर्ण कथेचा ओघ कळतो. मग पुन्हा पहिल्यापासून, रोज थोडे. सोबत रोज एक स्तोत्र. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नये. ती सावकारी झाली. चुकलेला दिवस सोडून द्यावा आणि आजचे वाचावे. वही ठेवणार असाल तर त्यात आपल्याला काय वाटले हे लिहिण्याआधी कोण बोलले आणि कोणाशी, एवढे लिहावे. वाटणे मागून येते, आणि असे आले की टिकते.

कठीण जागा येतील. स्तोत्र ८८ अंधारातच संपते. त्यात शेवटी उजाडत नाही. स्तोत्र १३७ बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्यांपासून सुरू होते आणि शत्रूच्या तान्ह्या मुलांविषयीच्या भयंकर शब्दांवर संपते. कित्येक भाविक तिथे पुस्तक मिटतात आणि मनातल्या मनात स्वतःलाच दोष देतात. त्यांना मी सांगतो: थांबा, हे कोण म्हणतंय ते पाहा. ज्यांचे नगर जळाले, ज्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची मुले गेली, अशी माणसे देवापुढे बोलत आहेत. त्यांनी तो संताप हत्यारात ओतला नाही, प्रार्थनेत ओतला, आणि ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी तो खोडून टाकला नाही. तो अनुकरणासाठी आहे असे मी मानत नाही. दुःखी माणसाला देवापुढे तोंड उघडता यावे म्हणून तो तिथे आहे, असे मानतो. या मतावर वाद आहे, पुढेही राहील. नित्यवाचन करणाऱ्याने तो वाद टाळू नये.

भाषांतरांबद्दलही एक सांगतो. घरात आजोबांच्या वेळची प्रत असेल तर ती ठेवा, पण तिच्या शेजारी एक नवे भाषांतरही असू द्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल आज मराठीत आहे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शास्त्रवाचन सर्व भाविकांच्या हाती देण्याचा आग्रह धरला, त्याला मराठीतून मिळालेले हे मोठे उत्तर आहे. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत. प्रोटेस्टंट वाचकानेही ती वाढीव पुस्तके एकदा वाचून पाहावीत. दोन भाषांतरांत एखादा शब्द वेगळा दिसला की समजावे, इथे मुळात काहीतरी खोल आहे, भाषांतरकाराचा हात इथे थबकला होता. तिथे थांबावे, पाळकांना विचारावे, टीकाग्रंथ उघडावा.

पुढची प्रकरणे इतिहासाची, भाषेची आणि पद्धतीची आहेत. ती क्रमानेच वाचावीत असे नाही. पण त्यांच्याकडे वळण्याआधी एक करा. आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ किंवा लहान मुलाजवळ बसा, मार्काचा पहिला अध्याय काढा, आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचा. त्यांनी मध्येच काही विचारले तर वाचन थांबवा आणि आधी त्यांना उत्तर द्या.